नाव फक्त कुत्र्याला

अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी कायद्याने संपली, पण गोऱ्या मालकाच्या जमिनीवर वाट्याने राबणे संपले नाही. त्या काळातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाची कथा म्हणजे विल्यम आर्मस्ट्राँग यांची ‘साउंडर’ ही कादंबरी. ती १९६९ साली निघाली आणि १९७० साली तिला बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. पुस्तकात आई आहे, बाप आहे, थोरला मुलगा आणि धाकटी भावंडे आहेत. नाव मात्र एकट्या कुत्र्याला, साउंडरला!

हिवाळ्यात शिकार मिळत नाही. लेकरे उपाशी, म्हणून बाप मांस चोरतो. शेरीफ येऊन त्याला बेड्या घालतो. गाडीमागे धावणाऱ्या साउंडरवर गोळी झाडली जाते. त्याचा तुटलेला कान मुलगा उशीखाली ठेवून झोपतो. नाताळात तुरुंगात नेलेला आईच्या हातचा केक पहारेकरी कुस्करून टाकतो, आत हत्यार लपवले असेल म्हणून. भुकेपोटी केलेल्या चोरीला शिक्षा होते सक्तमजुरीची. पुढे साउंडर परततो, पण लंगडा, एका डोळ्याचा. रानभर घुमणारा त्याचा आवाज गेलेला असतो.

मुलगा मजुरांच्या छावण्या धुंडाळतो. बाप सापडत नाही, पण शाळा सापडते. तिथले शिक्षक त्याला शिकायला ठेवून घेतात आणि आई जाऊ देते. हे वाचताना लेकराला वसतिगृहात सोडून एकट्या परतणाऱ्या आपल्या आया आम्हाला आठवल्या.

लेखक गोरे होते. वयात आलेल्या कृष्णवर्णीय पुरुषालाही ‘पोरा’ म्हणणाऱ्या देशात त्यांनी माणसांना नावे दिली नाहीत, यावर तिथे टीका झाली. १९७२ च्या चित्रपटात मात्र या कुटुंबाला मॉर्गन हे आडनाव मिळाले. आम्हाला ही टीका रास्त वाटते. अरे-तुरेची हाक आपल्या वाडवडिलांनीही ऐकली आहे. दुसऱ्याचे दुःख सांगणाऱ्याने आधी त्याचे नाव विचारावे. तरीही पुस्तक टाकून देऊ नये. अपंग होऊन परतलेल्या बापाला पाहताच साउंडर पुन्हा भुंकतो, ते पान वाचून कोणाचे डोळे कोरडे राहतील?

पालकांनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. सांगून झाल्यावर एवढेच विचारा : बाळा, त्या मुलाला तू काय नाव देशील?