राहायला कोणता जिल्हा, पाहायला कोणता?

मंडळी, नोकरीला लागून दहा-बारा वर्षे झाली की आपल्या पिढीच्या घराघरांत एक प्रश्न येतोच: आता घर कुठे घ्यायचे? पुण्या-इंदूरच्या फ्लॅटचे भाव ऐकले की मन गावाकडे वळते. आई-बाबांचे वय दिसू लागते. लॅपटॉपवरचे काम कुठूनही होते, हे तर आता सगळ्यांनाच कळले आहे. परदेशात गेलेले मित्रही आपापसात हेच बोलतात: केंट बरे की सरे, यॉर्कशायर स्वस्त पडेल का? त्यांच्याकडे काउंटी, आपल्याकडे जिल्हा.

मी राहतो इच्छापुरात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, मध्य प्रदेशाच्या टोकाचे हे गाव. पुढे तोच रस्ता मुक्ताईनगरला, म्हणजे महाराष्ट्रात जातो. इंदूर-इच्छापूर महामार्गामुळे गावाचे नाव लोकांनी ऐकलेले असते, पण गाडी थांबते ती बहुधा टेकडीवरच्या इच्छादेवीसाठी. एका मराठा सुभेदाराने मुलासाठी नवस केला, तो पुरा झाल्यावर देऊळ बांधले, अशी कथा इथे सांगतात. नवरात्रात दोन्ही राज्यांतून माणसे येतात. त्या दिवसांत रस्त्याकडेला लागलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचत गेलात तर आजूबाजूच्या जिल्ह्यांची यादीच तयार होते. मी तीच यादी घेतो. प्रत्येक जिल्ह्याला दोनच प्रश्न: पाहायला कसा आणि राहायला कसा? या दोन प्रश्नांची उत्तरे क्वचितच एक येतात.

एमपी ६८: बुऱ्हाणपूर

जिल्हा नवा, शहर जुने. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. शहर मात्र फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली. तापीपलीकडच्या आहुखान्यात तिला आधी पुरले होते; काही महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. अकबराने १६०१ मध्ये घेतलेला असीरगड शहराच्या उत्तरेला आहे. तिथे सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतात.

एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी कुंडी भंडारा सांगेन. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणले. बोगद्यावर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या. पंप नाही, मोट नाही, सगळे उतारावर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला उतार जेवढा कळला नव्हता तेवढा त्या बोगद्यात उतरल्यावर कळला. याच जिल्ह्याला २०२२ मध्ये देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा जाहीर केले, याची इथल्या माणसाला गंमत वाटते.

राहायला? घर स्वस्त, बाजार जवळ, मावा जिलेबी आणि मांडे केव्हाही. हे मांडे आजीच्या पुरणाच्या मांड्यांपेक्षा वेगळे: रुमालासारखी मोठी पातळ रोटी, तीही पालथ्या भांड्यावरच भाजलेली. केळी आणि यंत्रमाग यांवर शहर चालते. आपल्यासारख्यांची नोकरी मात्र इथे नाही, ती सोबत घेऊनच यावे लागते. उन्हाळा कडक असतो. शिवाय कचेरीचा कागद, शाळेचा फळा, बँकेची पावती, सगळे हिंदीत.

एमएच १९: जळगाव

आमच्या पलीकडचा जिल्हा, खरे तर आमचाच विस्तार. रावेर-यावलच्या केळीबागा आणि आमच्या केळीबागा यांत फरक दाखवून द्या, बक्षीस देतो. जळगावच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना, दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाहायला जायचे तर तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव आणि जवळचे मुक्ताबाईचे स्थान. पावसाळ्यात रावेर तालुक्यातले पाल. चाळीसगावजवळची पाटणादेवी गणित आवडणाऱ्या मुलांना जरूर दाखवा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा यादवकालीन शिलालेख तिथला. आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी अमळनेर: विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. साने गुरुजी इथल्याच शाळेत शिकवत. २०२४ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच भरले.

राहायला या सगळ्या पट्ट्यात सोयीचा जिल्हा हाच. भुसावळसारखे जंक्शन, विद्यापीठ, २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज, आणि मुलांना मराठी शाळा शोधावी लागत नाही. जमिनीचे भावही त्याच हिशेबाने चढे. उन्हाळा मात्र आमच्यासारखाच. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभे राहून पाहा.

एमपी १२ आणि एमपी १०: खंडवा, खरगोन

खंडवा म्हटले की किशोर कुमार. त्यांचा जन्म इथला, समाधीही इथेच. ओंकारेश्वर याच जिल्ह्यात. इंदिरा सागर धरणाच्या काठावर हनुवंतिया आहे, मुलांना बोटीत बसवायला छान. पण त्याच पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद नावाचे अख्खे गाव गेले, हेही बोट फिरताना मुलांना सांगावे.

खरगोनमध्ये महेश्वर. अहिल्यादेवींचा घाट, किल्ला आणि हातमागावरच्या साड्या. तिथून वेळ काढून रावेरखेडीला जा. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी इथे वारले. त्यांची समाधी आहे. नावावरून गोंधळू नका: आमचे केळीचे रावेर वेगळे, हे वेगळे.

राहायला खंडवा शांत गाव आहे. रेल्वे चांगली, २०१८ पासून मेडिकल कॉलेजही आहे. पण इथे आले की बोली बदलते, निमाडी सुरू होते. ऐकायला गोड, आणि आपल्या कानाला अर्धी ओळखीचीही. मुलांची मराठी इथे पूर्णपणे घरावर अवलंबून राहते.

एमएच २८: बुलढाणा

जळगाव जामोद तालुका आमच्या जिल्ह्याला लागूनच. या पट्ट्यात दोन जळगाव असल्याने पत्ता लिहिताना ‘जामोद’ विसरलात तर पार्सल फिरून येते. पाहायला हा जिल्हा श्रीमंत: उल्कापाताने झालेले लोणारचे सरोवर (२०२० पासून रामसर यादीत), जिजाऊंचे सिंदखेड राजा, आणि शेगाव. शेगावची स्वच्छता आणि शिस्त पाहायला तरी एकदा मुलांना न्यावे.

बुलढाणा शहर उंचावर, हवा सुखाची. पण जिल्ह्याच्या या गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायला मलकापूर किंवा शेगाव गाठावे लागते. महिन्यातून दोनदा ऑफिसला हजेरी लावायची असेल तर ते आधी मोजून घ्या.

एमएच २७ आणि एमपी ४८: अमरावती, बैतूल

मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. वर चिखलदरा, तिथे कॉफी होते. राहण्याचा प्रश्न धारणी तालुक्यात कळतो. धारणीचा माणूस अमरावतीचा, पण त्याला अमरावतीपेक्षा बुऱ्हाणपूर जवळ पडते. दाखला काढायला घाट उतरून जिल्ह्याला, आणि बाजाराला जायचे तर परराज्य जवळ! इथली कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. दोन दिवस रिसॉर्टमध्ये राहून ‘नेटवर्क नाही, किती छान’ म्हणणाऱ्यांनी तिथे बाळंतपणाला अडलेल्या बाईचाही विचार करावा.

बैतूल जिल्ह्यात मुलताई, तापीचा उगम. गावच्या तलावापाशी उभे राहिलात की पुढे सुरतेपर्यंत जाणारी नदी इथे एवढीशी, हे पटत नाही. या भागातही मराठी घरे बरीच.

रेष कोणी ओढली?

आज जळगाव आणि बुलढाणा एका राज्यात, बुऱ्हाणपूर दुसऱ्या. पण १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी चित्र उलटे होते. बुऱ्हाणपूर, बुलढाणा, अमरावती हे सगळे जुन्या मध्य प्रदेशात; राजधानी नागपूर, हायकोर्टही नागपूरला. जळगाव मात्र मुंबई राज्यात. म्हणजे माझ्या आजोबांसाठी बुलढाणा घरचा आणि जळगाव परका होता, माझ्यासाठी दोन्ही परराज्य. रेल्वेने ही रेष कधी मानलीच नाही: बुऱ्हाणपूर आणि खंडवा आजही भुसावळ विभागात आहेत.

विलायतेतही हेच. रटलंड नावाची चिमुकली काउंटी १९७४ मध्ये लेस्टरशायरमध्ये घातली. लोकांनी हट्ट सोडला नाही आणि १९९७ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. मिडलसेक्स १९६५ मध्ये कारभारातून गेली, पण तिचा क्रिकेट संघ अजून लॉर्ड्सवर खेळतो.

कागद मात्र रेष मानतात

म्हणूनच घर घेण्याआधी चार गोष्टी नीट पाहा.

पहिली, मुलांचे शिक्षण. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी रहिवासी दाखल्याबरोबर दहावी-बारावी कुठून केली तेही पाहतात. मुलगी आठवीत असतानाच कोणत्या बाजूला राहायचे ते ठरवा. बारावीनंतर ठरवून उपयोग नाही. त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा.

दुसरी, दवाखाना. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न दवाखान्यातही चालते. महात्मा फुले योजना मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले तर आपण राज्य बघत नाही, जवळचा दवाखाना बघतो. तेव्हा तो कोणता, हे आजच माहीत करून ठेवा.

तिसरी, गाडी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते.

चौथी, शेती. वादळ केळी आडवी करताना राज्य विचारत नाही, पण भरपाई आणि विमा यांचे नियम राज्यावर ठरतात. एकाच वाऱ्याने पडलेल्या दोन शेजारच्या बागांचे पंचनामे वेगळ्या कचेऱ्यांत जातात. घरातल्या बायकांचेही तेच: इकडे २०२३ पासून लाडली बहना, तिकडे २०२४ पासून लाडकी बहीण. सासर कोणत्या बाजूला त्यावर योजना.

मग मी कुठे राहतो?

मी इच्छापुरातच राहायचे ठरवले. काम पुण्याच्या कंपनीचे, इंटरनेट दोन कंपन्यांचे (एक गेले तर दुसरे), बाजार बुऱ्हाणपूरचा, मोठा दवाखाना जळगावचा, देव आमच्या टेकडीवर आणि सहल नर्मदेला. एक जिल्हा निवडला, पण जगतो चार-पाच जिल्ह्यांत. सीमेवर राहण्याचा हा फायदा पुण्यात पैसे मोजून मिळत नाही.

एक किंमत मात्र रोज द्यावी लागते. माझी मुलगी घरात खानदेशी वळणाची मराठी बोलते, शाळेत हिंदी लिहिते आणि मराठी वाचताना ‘ळ’पाशी अडखळते. शाळा ते शिकवणार नाही, तो तिचा दोष नाही. म्हणून रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मराठी वाचन, आणि आजीला आठवड्यातून एक चिठ्ठी, हाताने लिहिलेली. आजी त्याच घरात राहते, तरी चिठ्ठी लिहायचीच! आजी उत्तरही लिहिते. आतापर्यंतच्या चिठ्ठ्यांनी बिस्किटांचा एक डबा भरला आहे.

तुम्ही इंदुरात, भोपाळमध्ये, नागपुरात किंवा लंडनमध्ये असाल. या दिवाळीला चार दिवस काढा: खंडव्याला उतरा, ओंकारेश्वर, असीरगड आणि बुऱ्हाणपूर करत इच्छापूर, पुढे चांगदेव, आणि भुसावळहून परतीची गाडी. वाटेत मुलांना नंबर प्लेट वाचायला लावा. आणि तुमचा जिल्हा राहायला कसा, पाहायला कसा, ते मंडळाच्या पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. घर शोधणाऱ्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.