पडद्यावरची बैठक : साधन कोणते घ्यावे?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा यंत्रमागधारक आजवर बाहेरगावच्या गिऱ्हाइकाशी बहुधा आडत्यामार्फतच बोलत आला. आपला ताका पुढे काय भावाने विकला गेला, याचा पत्ता कारखान्यात बसलेल्याला क्वचितच लागतो. २०२० च्या टाळेबंदीत पडद्यावरच्या बैठकीची रीत पडली ती मजबुरीने. पण त्यामुळे दूरचा खरेदीदार थेट कारखानदाराशी बोलायला तयार झाला. आता चौकशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या निरोपातच "मीटिंग कधी घेता?" असा सवाल येतो. तेथे जो अडखळला, त्याचे गिऱ्हाईक पुन्हा आडत्याकडे जाते. तेव्हा ही बाब घरातल्या पोरांवर सोपवून मोकळे होण्यासारखी नाही.

आपल्याकडे सर्वांच्या मोबाईलात व्हॉट्सअॅप आहे आणि बहुतेकांची समजूत अशी की तेवढ्यावर भागते. गावातल्या गावात, सूत व्यापारी किंवा प्रोसेसवाल्याशी बोलायला ते पुरेसेही आहे. एका वेळी ३२ माणसे त्यात बसतात आणि २०२३ पासून आपला पडदाही समोरच्याला दाखवता येतो. पण खरा प्रश्न आपल्या सोयीचा नाही. समोरचा माणूस कोणत्या मुलखात बसला आहे, हे आधी पाहावे लागते. दुबई, शारजाहकडे म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपचा निरोप जातो, पण त्यावरून बोलणे होत नाही. झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, वेबेक्स आणि बोटिम यांना तेथे परवानगी आहे. व्हीपीएन लावून व्हॉट्सअॅपवर या, असे तिकडच्या गिऱ्हाइकाला चुकूनही सुचवू नये. तिथला कायदा या बाबतीत कडक आहे आणि आपल्या सौद्यापायी त्याने तो धोका का पत्करावा?

चीनमधून लूम किंवा सुटे भाग मागवणाऱ्यांची अडचण उलटी आहे. तिकडे व्हॉट्सअॅप बंद, गुगलही बंद. आणि त्यांचे वीचॅट आपल्या सरकारने जून २०२० मध्ये बंद केले. अशा वेळी टीम्स किंवा झूमची लिंक आदल्या दिवशी पाठवून दोन मिनिटे जोडून पाहावे. आणखी एक किरकोळ गोष्ट. ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून स्काईपचा पत्ता छापलेला आहे त्यांनी तो काढून टाकावा. मे २०२५ मध्ये स्काईप कायमचे बंद झाले.

आता खर्चाचे. झूम फुकट वापरले तर बैठक ४० मिनिटांत आपोआप तुटते. गुगल मीट तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटे देते, दोघांच्या बोलण्याला अशी अडचण नाही. टीम्सच्या फुकट खात्यावरही ६० मिनिटांचीच मर्यादा आहे. भावाची बोली ऐन रंगात यावी आणि पडदा काळा पडावा, यात नुकसान मिनिटांचे नसते. बोलण्याचा धागा तुटतो आणि समोरच्याला विचार करायला फुरसत मिळते. तरीही महिन्यातून एक-दोनच बैठका होत असतील तर पैसे भरण्याची गरज नाही. खरेदीदार मोठा असेल तर त्याच्याकडे भरलेले खाते असते, त्यालाच लिंक पाठवायला सांगावे. त्यात कमीपणा मानू नये. आठवड्याला बैठका ठरू लागल्या तर मात्र एक खाते पैसे भरून घ्यावे. बिल दुकानाच्या नावे, जीएसटी क्रमांक घालून घ्यावे आणि वजावटीचे आपल्या सीएला विचारावे. दोन-तीन दुकानदारांनी मिळून एक खाते वापरण्याचा जुगाड करू नये. एकाच्या बैठकीत दुसऱ्याचे गिऱ्हाईक शिरते.

साधन कोणतेही घेतले तरी कापड पडद्यावर खरे दिसत नाही, ही गोष्ट आपल्या धंद्यात सर्वात मोठी आहे. कॅमेरा उजेड पाहून रंग आपणहून बदलतो. ट्यूबलाइटखाली मोतिया रंग निळसर होतो, पिवळ्या बल्बखाली बदामी दिसतो. शिवाय समोरच्याचा पडदा कसा आहे ते आपल्याला माहीत नसते. म्हणून रंगाचा निवाडा पडद्यावर करूच नये. बैठकीच्या आधी नमुन्याचे तुकडे क्रमांक घालून कुरियरने पाठवावेत, तेच क्रमांक आपल्या हाताशी ठेवावेत, आणि बोलणे "चार नंबर", "सात नंबर" असे करावे. खरेदीदार पँटोनचा क्रमांक सांगत असेल तर तो लिहून घ्यावा. "थोडा गडद" या शब्दावर रंगणीला माल टाकणाऱ्याचा माल परत येतो.

मात्र काही गोष्टी पडद्यावर चांगल्या दाखवता येतात, आणि त्या दाखवणारा कारखानदार वेगळा उठून दिसतो. कापडावर पिक ग्लास ठेवून मोबाईलचा मागचा कॅमेरा त्यावर धरला की इंचातले ताणे-बाणे समोरचा माणूस स्वतः मोजू शकतो. जीएसएम कटरने गोल तुकडा कापून काट्यावर ठेवावा. तो तुकडा १०० चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे काट्यावरच्या ग्रॅमला १०० ने गुणले की जीएसएम आले. पन्ना टेपने मोजून दाखवावा. एवढे दाखवल्यावर एतबार बसायला लांबलचक भाषण लागत नाही. पोत, कापडाचे आटणे आणि रंगाचा पक्केपणा मात्र हातात घेतल्या-धुतल्याशिवाय कळत नाही; तो शब्द बैठकीत देऊ नये. घरी बसून जरीकाम किंवा शिलाई करणाऱ्या भगिनींनाही हा मागचा कॅमेरा सोयीचा आहे. गिऱ्हाइकाला काम आणि हात दिसले की पुरे, चेहरा दाखवलाच पाहिजे असे नाही.

लूमच्या गाळ्यात बसून बैठक घेऊ नये. खडखडाटात भाव ऐकू जात नाही आणि "बावन्न" चे "बासष्ट" होते. मशीन दाखवायचे असेल तर शेवटची पाच मिनिटे तिकडे जावे. मोबाईलच्या डेट्यावर तासाभराच्या चित्राला साधारण एक जीबी किंवा जास्त लागतो. लाइन ढिली झाली की चित्र बंद करून आवाज चालू ठेवावा. आवाजाला फार थोडी लाइन पुरते. वीज जाण्याचा भरवसा नसेल तेथे राउटरला छोटा यूपीएस लावून घ्यावा. बैठक संपताच भाव, मीटर, पन्ना, पैशाची मुदत आणि डिलिव्हरीची तारीख लेखी पाठवून होकार मागवावा. बोलण्याला पुरावा नसतो, आणि चित्रफीत ज्याने लिंक काढली त्याच्याकडे राहते.

आता धोक्याचे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहखात्याने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती, कारण अनोळखी लोक बैठकीत शिरत. पासवर्ड आणि प्रतीक्षा-खोलीची सोय त्यात आहे, ती चालू ठेवावी. लिंक ग्रुपवर टाकू नये, ज्याचे त्यालाच पाठवावी आणि नाव ओळखीचे असेल तरच आत घ्यावे. याहून मोठा धोका पडद्यावरच्या चेहऱ्याचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सीबीआयचे अधिकारी बनून पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि सात कोटी रुपये उकळले. पोलिसांनी पुढे पाच कोटींहून अधिक रक्कम परत मिळवली. कापडधंद्यात ज्यांचा एवढा मोठा पसारा, तेही त्या पडद्याला भुलले. त्याच वर्षी उघड झालेल्या हाँगकाँगच्या प्रकरणात तर अरुप कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने बैठकीत दिसलेल्या साहेबांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ते साहेब संगणकाने बनवलेले खोटे चेहरे आणि आवाज होते.

म्हणून "आमचे बँक खाते बदलले, या नंबरवर भरा" असे पडद्यावर कुणी सांगितले तर बैठक संपवून त्याच्या जुन्या नंबरावर आपण फोन करावा. पडदा दाखवत असताना बँकेचे अॅप उघडू नये, ओटीपी येईल असे काही करू नये. पडद्यावरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी. जेवढा उशीर, तेवढी रक्कम हाती लागणे कठीण.

वेळ ठरवताना दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे हे ध्यानात ठेवावे. जुन्या सवयीने पुष्कळजण अजून तिकडे शुक्रवारी सुटी धरतात. जानेवारी २०२२ पासून तिथली सरकारी सुटी शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवार अर्धा दिवस. शारजाहात सरकारी कचेऱ्या शुक्रवारीही बंद असतात. आपली जुम्याची नमाज आटोपते तेव्हा त्यांची सुरू व्हायची असते, आणि तेथून परतल्यावर कुणी कामाला बसत नाही. शुक्रवारी बोलायचेच असेल तर आपल्याकडच्या साडेअकराला, म्हणजे त्यांच्या दहाला, बैठक ठेवावी.