घरी आणलेला निराश्रित कुत्रा

रस्त्यावरील निराश्रित कुत्र्याला घरी आणणे ही भूतदयाच होय. परंतु मोठ्या हौसेने आणलेला असा प्राणी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा रस्त्यावर सोडला गेल्याची उदाहरणे आपल्या बेळगावात आम्ही पाहिली आहेत. कारण बहुधा एकच सांगण्यात येते : ‘हा माणसाळत नाही, कोपऱ्यात बसून राहतो, जवळ गेले की गुरगुरतो.’ आमच्या मते हा कुत्र्याचा दोष नसून, त्याच्या भीतीचा आपण लावलेला चुकीचा अर्थ होय.

असे पाहा. कालपरवापर्यंत जो दुकानाच्या फळीखाली पावसाळा काढीत होता, माणसाचा हात ज्याने बहुधा दगड उचलतानाच पाहिला, त्याला एकाएकी चार भिंती, मिक्सरचा आवाज आणि मुलांचा गलका यांत आणून ठेवले, तर तो बावरेल नाही तर काय? पहिल्या दिवशी त्याला मायेपेक्षा आडोशाची गरज अधिक असते. कमी वर्दळीचा एखादा कोपरा, खाली जुनी सतरंजी, जवळ पाण्याचे भांडे, एवढे पुरे. त्या जागेवरून त्याला ओढून काढू नये, की पाहुण्यांना दाखवू नये. लगेच आंघोळ घालण्याचीही घाई नको. आमच्या घरी आलेली कुत्री दोन दिवस पलंगाखालून हलली नाही. सर्व मंडळी निजल्यावर तेवढी भाकरी खाई. तिसऱ्या दिवशी आम्ही वह्या तपासत बसलो असता ती आपण होऊन पायांशी येऊन बसली. आम्ही मान वळवूनही पाहिले नाही, आणि तेच बरे झाले.

जाणकार एक ठोकताळा सांगतात : भीती ओसरायला ३ दिवस, घराची रीत कळायला ३ आठवडे आणि घर आपले वाटायला ३ महिने. हा काही पंचांगातला मुहूर्त नव्हे; एखाद्याला याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. मात्र दोन दिवस अन्नाला तोंडच लावले नाही, किंवा पिलू सुस्त पडून राहिले, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवावे.

आता गुरगुरण्याविषयी. झोप आलेली नसता जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, शेपूट पोटाशी घेणे, अंग ताठ करून थिजून राहणे, या सर्वांचा अर्थ ‘जरा दूर व्हा’ असाच असतो. एवढ्याने कोणी उमजले नाही, म्हणजे तो गुरगुरतो. त्याबद्दल त्याला मारले तर भीती जात नाही, इशारा देणे तेवढे बंद होते. आणि पुढल्या खेपेस तो एकदम चावतो. छडीने गप्प केलेल्या मुलाला धडा समजला, असे मानणारे शिक्षक असतात. त्यांतलाच हा प्रकार. तो खात किंवा निजलेला असता त्याला हात लावू नये, गळ्याला मिठी मारू नये, हे मुलांना बजावून सांगावे.

घरातील नियम सर्वांचे एकच असावेत. कोणाच्या घरी देवघर असते, आमच्या घरी नमाजाची खोली. तेथे त्याने जायचे नसेल तर पहिल्या दिवसापासून दार लावावे. आज कौतुकाने आत घेऊन उद्या हाकलले, तर त्याने काय समजावे? शब्दांचेही तसेच. आपल्या गावी आजी म्हणते ‘बस’, शेजारी कानडीत ‘कूतको’, आणि आमच्याकडे कोणी ‘बैठ’; बिचारा उभाच राहतो! शब्द एकच ठरवावा. उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर व रात्री निजण्यापूर्वी बाहेर न्यावे आणि तेथे विधी उरकताच तत्क्षणी शाबासकी व खाऊचा तुकडा द्यावा. घरात घाण केल्यास त्यात नाक घासण्याची जुनी रीत निव्वळ निरुपयोगी.

कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. तेव्हा शिऱ्याचा घास प्रेमानेही देऊ नये. बकरी ईदला घरोघर हाडे निघतात. शिजवलेले हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे घशात वा आतड्यात रुततात.

पशुवैद्यकाकडून जंत, गोचीड आणि लसी यांची व्यवस्था करून घ्यावी. रेबीजची लस पिलू ३ महिन्यांचे झाले की देतात व पुढेही वेळेवर टोचावी लागते. कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना भरून बसू नये. कानाला कापलेली खाच दिसली तर, महानगरपालिकेच्या वा एखाद्या संस्थेच्या मोहिमेत त्याची नसबंदी झालेली असण्याचा संभव असतो. डॉक्टर ते पाहून सांगतात.

पहिले काही आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नये; घाबरलेला कुत्रा दार किलकिले दिसले की सुटतो आणि त्याला परतीची वाट ठाऊक नसते. विसर्जनाच्या रात्री व दिवाळीत अंधार पडण्यापूर्वीच फिरवून आणावे, खिडक्या लावाव्यात. आणि तो मोरीत जाऊन दडला, तर त्याची सतरंजी तेथे नेऊन टाकावी.