जुन्या गाडीला ‘ओव्हरड्राइव्ह’ : खर्च वसूल होतो का?

अमेरिकेत १९७० च्या दशकातील अनेक पिकअप ट्रक आणि मोटारहोम आजही रस्त्यावर आहेत. त्यांची इंजिने दणकट आहेत, सुटे भाग मिळतात आणि मालकांचा त्यांच्यावर जीव असतो. मात्र महामार्गावर ताशी ६५ मैलांचा, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरचा वेग धरला की इंजिनाची घरघर कान किटवते आणि पेट्रोलचा काटा भराभर खाली येतो. अशा वेळी गॅरेजवाला एक उपाय सुचवतो : मूळ गिअरबॉक्सच्या मागे जोड-ओव्हरड्राइव्ह बसवा. खर्च काही हजार डॉलरचा. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशातून देश पाहायला निघालेल्या जोडप्यासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणूनच तो खर्च कशासाठी करायचा, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

दोष इंजिनाचा नव्हे, गिअरचा

त्या काळातील जड वाहनांत जनरल मोटर्सचा ‘टर्बो हायड्रामॅटिक ४००’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स सर्रास असे. त्यात तीनच गिअर. त्यांची गुणोत्तरे २.४८, १.४८ आणि १. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचाही एक फेरा. ओझे ओढता यावे म्हणून मागील अॅक्सलचे गुणोत्तर ४.१० च्या आसपास ठेवलेले असे. चाकांचा व्यास ३० इंच धरला, तर ताशी ६५ मैलांना इंजिनाला मिनिटाला जवळजवळ तीन हजार फेरे घ्यावे लागतात. सपाट रस्त्यावर एवढ्या फेऱ्यांची गरज नसते. पण वरचा गिअरच नसल्याने चालकाचा नाइलाज असतो.

ही उणीव भरून काढणारी युक्ती जुनी आहे. एडगर दि नॉर्मनव्हिल यांनी आखलेला आणि शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने बनवलेला ओव्हरड्राइव्ह दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक ब्रिटिश गाड्यांत बसवला गेला. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये, तसेच व्होल्वोच्या काही गाड्यांतही तो असे. मधल्या सूर्यचक्राभोवती ग्रहचक्रे फिरावीत अशी त्याची गिअररचना असते. बटण दाबताच तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो, सूर्यचक्र जागीच रोखले जाते आणि बाहेर जाणारा शाफ्ट आत येणाऱ्या शाफ्टपेक्षा वेगाने फिरू लागतो. कॅलिफोर्नियातील गिअर व्हेंडर्स कंपनीचे अमेरिकी वाहनांसाठीचे युनिट याच घराण्यातले. त्याचे गुणोत्तर ०.७८ आहे. म्हणजे वरील उदाहरणातील तीन हजार फेरे सुमारे २,३३० वर येतात. बावीस टक्क्यांची घट.

फेरे घटले, म्हणजे इंधन तितकेच घटले?

येथेच बहुतेकांची गफलत होते. फेरे बावीस टक्क्यांनी घटले, म्हणून इंधनही बावीस टक्क्यांनी वाचत नाही. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांना गिअरचे काही देणेघेणे नसते. त्यांच्याशी झुंजायला पूर्वीइतकीच शक्ती लागते. वाचते ते इंजिनाच्या अंतर्गत घर्षणात आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाणारे इंधन. ही बचत खरी आहे, पण मर्यादित आहे.

आता हिशेब मांडू. गाडी गॅलनला दहा मैल जाते आणि ओव्हरड्राइव्हमुळे अकरा मैल जाऊ लागली, असे समजू. पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलर आणि मजुरीसह एकूण खर्च साडेतीन हजार डॉलर धरू. वर्षाला पाच हजार मैल प्रवास असेल, तर सुमारे ४५ गॅलन, म्हणजे १६० डॉलरच्या आत-बाहेर बचत होईल. खर्च वसूल व्हायला बावीस वर्षे लागतील! वर्षाला वीस हजार मैल प्रवास असेल, तर तीच वसुली साडेपाच वर्षांत होईल. भाव आणि मायलेज प्रत्येकाने आपापले घालावे; निष्कर्षाची दिशा बदलत नाही. हौसेने वर्षातून दोन-तीन सहली करणाऱ्याला केवळ इंधनाच्या भरवशावर हा सौदा परवडत नाही.

मग लाभ कोणता?

खरा लाभ दोन ठिकाणी आहे. पहिला, इंजिनाचा विसावा. प्रत्येक मैलामागे पिस्टनची धाव बावीस टक्क्यांनी घटते. आवाज कमी होतो आणि लांबच्या प्रवासात चालकाचा शीण हलका होतो. दुसरा लाभ घाटात दिसतो. दुसरा गिअर १.४८ आणि तिसरा १ यांच्यात मोठी दरी आहे. चढावर तिसऱ्यात गाडी दमते, दुसऱ्यात इंजिन ओरडते. दुसऱ्या गिअरला ओव्हरड्राइव्हची जोड दिली की १.१५ चा मधला गिअर मिळतो. मागे ट्रेलर ओढणाऱ्याला हा गिअर सोन्यासारखा वाटतो.

तथापि, पर्यायही तपासायला हवेत. ओझे ओढायचेच नसेल, तर अॅक्सलचे गिअर बदलून ४.१० चे ३.२ च्या जवळपास आणल्यास महामार्गावर तोच परिणाम मिळतो. मात्र चढावरील जोर कायमचा कमी होतो. मूळ गिअरबॉक्स खिळखिळा झाला असेल, तर त्याच्या दुरुस्तीवर आणि वर ओव्हरड्राइव्हवर पैसे घालण्याऐवजी ०.७० चा चौथा गिअर असलेला ‘७००आर४’ सारखा १९८० च्या दशकातील गिअरबॉक्स बसवण्याचा विचार करावा. पण तो आपल्या वाहनाचे वजन पेलेल का, हे आधी पाहावे. आणि ज्या गाडीचे अॅक्सल मुळातच २.७३ आहे, तिला ओव्हरड्राइव्ह जोडणे व्यर्थच. तिच्या इंजिनाचे फेरे इतके उतरतील, की जोर न उरल्याने चालकाला अधिक अॅक्सलरेटर द्यावा लागेल आणि बचत हवेत विरेल.

बसवताना प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा संतुलित करावा लागतो, हा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे का, ते विचारून घ्यावे. ओव्हरड्राइव्ह चालू असताना गाडी मागे घेतल्यास आतील एकदिशा क्लच मोडू शकतो. त्यामुळे रिव्हर्समध्ये तो आपोआप बंद ठेवणारी सोय असलीच पाहिजे.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. तेव्हा जुन्या जीपच्या हौशी मालकांनी आधी आरटीओचा उंबरठा गाठावा. मात्र हिशेबाची रीत इथेही तीच आहे. सीएनजी किट बसवताना मुंबई-पुण्याचा टॅक्सीवाला प्रथम रोजचे किलोमीटर मोजतो, मग किटची किंमत विचारतो. ओव्हरड्राइव्हचा विचार करणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. किलोमीटर भरपूर असतील, तर खर्च वसूल होईल. ते कमी असतील, तर आपण इंधनाची बचत नव्हे, शांतता आणि घाटातला एक गिअर विकत घेत आहोत, हे मनाशी स्पष्ट ठेवून मगच खिशात हात घालावा.