दोषही छापणारं मॅन्युअल

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. लिहिलं केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी; ते लिहिलं जावं म्हणून मागे लागले बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय. प्रत्येक कमांडला स्वतंत्र नोंद: नाव, वापरायची रीत, वर्णन, लागणाऱ्या फाइली. मग ‘बग्ज’ या मथळ्याखाली तिच्यातले दोष आणि शेवटी ‘ओनर’, म्हणजे ती कमांड कोणाची. आपल्या कामातली खोट इतक्या सरळपणे छापणारी माणसं मला फार मोठी वाटतात. लिहिणारा आणि बनवणारा एकच होता, म्हणून हे जमलं. खोट शब्दांत मांडणं जड जायला लागलं की तो आधी प्रोग्रामच दुरुस्त करायचा.

पुढे कंपन्या वाढल्या आणि मॅन्युअल लिहिणाऱ्या टेक्निकल रायटरचं टेबल प्रोग्रामरपासून लांब गेलं. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमची मॅन्युअलं नारिंगी बाइंडरांतून येत आणि कपाटंच्या कपाटं भरत. त्यात सगळं असे, पण नेमकं हवं ते सापडायला वेळ लागे. आयबीएममधल्या जॉन कॅरोल यांनी शिकाऊ माणसांना कामाला बसवून त्यांचं निरीक्षण केलं. माणसं मॅन्युअल वाचत बसत नाहीत, लगेच हात घालतात आणि अडकतात, हे त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी मॅन्युअल छाटलं आणि चूक कशी ओळखायची, तिच्यातून बाहेर कसं पडायचं, याला मुद्दाम जागा दिली. १९९० सालचं त्यांचं ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ प्रत्येक रायटरने वाचावं. बग्जच्या मथळ्यानंतर या व्यवसायात पडलेलं सर्वांत मोलाचं पाऊल मी हेच मानतो.

त्यानंतर बरीच वर्षं चर्चा साधनांचीच झाली. पुण्या-बंगळुरूत हा व्यवसाय रुजला तो फ्रेममेकर आणि रोबोहेल्पच्या जोडीने. २००५ मध्ये डिटा हे प्रमाण आलं, मजकुराचे सुटे तुकडे करून पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले, भाषांतराचा खर्च वाचला. सोय मोठी होती, पण रायटर प्रोग्रामरच्या जवळ आला नाही. ते घडवलं मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतीने आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने. मजकूर कोडशेजारी राहू लागला, त्याचाही रिव्ह्यू होऊ लागला, आणि ‘हे असं का चालतं?’ हा रायटरचा प्रश्न रिलीजच्या आधी कानावर पडू लागला.

याच काळात संस्था मात्र खचल्या. १९५३ पासूनची सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या भारतीय शाखेच्या परिषदांत इथल्या कित्येकांना आपल्याच धंद्यातली माणसं भेटली. तो आधार गेल्यावर नवख्याचा मसुदा लाल करून परत देणारं कोणीतरी आता त्याच्या टीममध्येच असायला हवं, आणि पुष्कळ टीममध्ये रायटर एकटाच असतो.