आरसाविरहित कॅमेरा आणि बॅटरीचा व्यय

निकॉनचा डी ८५० हा आरशाचा कॅमेरा २०१७ साली बाजारात आला. झेड ७ हा आरसाविरहित कॅमेरा २०१८ साली. दोहोंच्या बॅटरीची क्षमता एकच, १४ वॅट-तास. तथापि उत्पादकाच्या आकड्यांप्रमाणे एकदा पूर्ण भारित केलेल्या बॅटरीवर पहिला १८४० चित्रे घेतो, दुसरा अवघी ३३०. आरसा हलविण्यास वीज लागते. तो काढून टाकल्यावर व्यय उलट कमी व्हावयास हवा होता!

या कोड्याचे उत्तर चित्र घेण्याच्या क्रियेत नसून दोन चित्रांमधील काळात आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरसा व लोलक यांच्याद्वारे थेट डोळ्यापर्यंत पोहोचतो. दृश्य पाहण्यास वीज जवळजवळ लागतच नाही. आरसाविरहित कॅमेऱ्यात मात्र संवेदकाचे अखंड वाचन, त्या माहितीवरील संस्करण आणि चिमुकल्या पडद्यावरील प्रदर्शन ही तिन्ही कामे प्रतिक्षणी चालू राहतात.

वरील आकडे जपानमधील ‘सीपा’ या उत्पादक-संघटनेच्या पद्धतीने काढतात. तीत दर ३० सेकंदांस एक चित्र घ्यावयाचे असते. १४ वॅट-तास म्हणजे ५०,४०० ज्यूल. भागाकार केल्यास डी ८५० ला प्रत्येक चित्रामागे सुमारे २७ ज्यूल, झेड ७ ला सुमारे १५३ ज्यूल पडतात. १२६ ज्यूलचे हे अंतर ३० सेकंदांवर विभागले, तर ४.२ वॅट येतात. हा ढोबळमानाने ‘पाहण्याचा’ खर्च होय.

कॅमेरे भिन्न, तेव्हा फरकाचे कारणही भिन्न असू शकेल, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास कॅननच्या ५डी मार्क ४ चे उदाहरण पुरेसे आहे. तोच कॅमेरा, तीच बॅटरी. दृश्यदर्शकातून पाहिल्यास ९०० चित्रे, आरसा वर ठेवून पडद्यावर पाहिल्यास ३००. पडदा लहान म्हणून वीज कमी, असेही नाही. सोनीच्या ए ७ मार्क ३ मध्ये पाठीवरील पडद्यावर ७१० चित्रे मिळतात, तर त्याहून कितीतरी लहान अशा दृश्यदर्शकातून ६१०.

म्हणून आरसाविरहित कॅमेऱ्याची बॅटरी चित्रांत न मोजता तासांत मोजणे अधिक सयुक्तिक ठरते. ३३० चित्रे म्हणजे सुमारे पावणेतीन तास. एका दमात दहा चित्रे घेणाऱ्याला हा तोटा फारसा जाणवत नाही, कारण पाहण्याचा खर्च दहांत वाटला जातो. पाणवठ्याशी पक्ष्याची वाट पाहत, दृश्यदर्शकास डोळा लावून बसलेल्या अभ्यासकाची बॅटरी मात्र एकही चित्र न घेता संपू शकते.