मोगऱ्याची छाटणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चैत्रात बाजारात गजऱ्यांचे ढीग लागतात, पण घरच्या कुंडीतला मोगरा मात्र नुसता पानांनी भरलेला असतो. पुष्कळदा कारण एकच असतं: झाडाला वेळेवर कात्री लागलेली नसते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, एवढं ध्यानात ठेवलं तर छाटणीची भीती उरत नाही.

गैरसमज : फांद्या कापल्या की फुलं कमी येतात.
वस्तुस्थिती : उलट वाढतात. फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो कापला की ते डोळे फुटतात. मोगऱ्याची पानं बहुधा समोरासमोर असतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. अशा जोडीच्या जरा वर काप घेतला, तर एका फांदीच्या दोन होतात आणि कळ्यांच्या जागाही वाढतात.

गैरसमज : शेंडे खुडले की झाली छाटणी.
वस्तुस्थिती : शेंडे खुडणं बहरानंतर ठीक आहे. त्याने पुढची फूट लवकर येते. वर्षाची मुख्य छाटणी मात्र धीटपणे करावी लागते. वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. उरलेलं निरोगी, जुनं झाड जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास ठेवावं. धारदार सिकेटर आधी स्पिरिटने पुसून घ्यावा. बोथट कात्रीने साल चेचते आणि तिथून रोग शिरतो.

गैरसमज : छाटणी केव्हाही केली तरी चालते.
वस्तुस्थिती : डिसेंबर ते मध्य जानेवारी हा योग्य काळ. थंडीत झाड विसावलेलं असतं आणि ऊन तापू लागताच फुटतं. भर पावसात जोरदार छाटणी केली, तर ओल्या कापांवर बुरशी धरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये केली, तर ऐन बहराची फूटच कापली जाते.

गैरसमज : छाटल्यावर भरपूर पाणी द्यावं.
वस्तुस्थिती : पानं कमी झाली की झाड पाणीही कमी ओढतं. कुंडी सतत ओली राहिली, तर मुळं कुजतात. छाटताना मातीत मुरलेलं शेणखत मिसळावं, पाणी बेताचं द्यावं आणि नवी फूट दिसली की वाढवावं. कुंडीला निदान पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीत छाटणीचा उपयोग होत नाही.

गैरसमज : सगळ्या फुलझाडांना हाच नियम.
वस्तुस्थिती : गुलाब आणि जास्वंदही नव्या फुटीवर फुलतात. पण आपल्याकडे गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात करतात आणि साधारण दीड महिन्यात फुलं येतात. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या बहुतेक जाती मात्र आदल्या हंगामातल्या फांद्यांवरच कळ्या धरतात. त्यांना हिवाळ्यात छाटलं, तर वर्षाची फुलं गेली. म्हणून नवं झाड आणलं की पहिल्या बहरात कळी जुन्या फांदीवर येते की कोवळ्या फुटीवर, ते नीट पाहा आणि मगच कात्री हातात घ्या.